कॉलेजातल्या छोट्या प्रेमकथा आणि ट्रोप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळा ते एकोणीस वयाच्या वाचकांसाठी छोट्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांचे ड्राफ्ट मी बरेच वाचते, आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. लिहिणारे काही जण त्याच वयाचे असतात, काही जण पस्तिशीतले. दोघांसाठीही एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. क्रमाने वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न उघडा.

ट्रोप म्हणजे नक्की काय? आणि क्लिशे म्हणजे तेच ना?

ट्रोप म्हणजे वाचकाच्या आधीच ओळखीची असलेली सिच्युएशन. आधी भांडण मग प्रेम, खोटंखोटं कपल, बालमित्र, नाइलाजाने एकत्र अडकलेले दोघं, एकदा तुटलेलं पुन्हा जुळणं वगैरे. ही नावं हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहेत कारण फॅनफिक्शनच्या, म्हणजे आवडत्या पुस्तक-सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या, साइट्सवर कथेला टॅग लावतात, आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही साइट २००९ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि तिथला वाचक लेखकाचं नाव न बघता थेट टॅगनेच कथा शोधतो, मग हीच सवय इन्स्टावर, रील्सवर, पुस्तकांच्या जाहिरातींत सगळीकडे आली.

क्लिशे म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेली गोष्ट. तो कधी होतो, तर कथेत ट्रोप सोडून दुसरं काहीच नसतं तेव्हा. शेवटी काय होणार हे ट्रोप वाचकाला सांगूनच टाकतो, ती दोघं एकत्र येणार हे त्याला पहिल्या पानावर माहीत असतं, आणि तरी तो वाचतो, कारण त्याला बघायचं असतं की याच दोघांना हे इतकं अवघड का जातंय. ते "का" तुमचं असायला हवं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि खालच्या प्रत्येक उत्तरात ते कुठे ना कुठे येणारच.

हे सगळं इंग्रजीतून आलंय, मराठीत ओढूनताणून नाही का वाटणार?

नावं इंग्रजी आहेत, सिच्युएशन आपल्याकडे खूप आधीपासून आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत सौभद्र १८८२ सालचं. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं, तिला हवाय अर्जुन, अर्जुन संन्याशाचा वेष घेतो, त्या संन्याशावर विश्वास बसतो तो नेमका बलरामाचाच, आणि कृष्ण मागून सगळी सूत्रं हलवतोय. घरच्यांचा विरोध, वेषांतर, जुळवून देणारा मित्र, तीन ट्रोप एकाच नाटकात, आणि शेवट काय होणार हे आलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं. त्याच्याही मागे जायचं तर विदर्भाची रुक्मिणी बघा, लग्न दुसऱ्याशी ठरल्यावर ती गप्प बसली नाही, स्वतः कृष्णाला पत्र पाठवून ये म्हणाली.

ओढूनताणून वाटतं ते वेगळ्या गोष्टीमुळे. तिकडची सेटिंग जशीच्या तशी उचलली की वाटतं. प्रॉम, लॉकर, सोळाव्या वर्षी स्वतःची गाडी, आई-बाबा वीकेंडला बाहेरगावी आणि घर रिकामं. आपल्या मुलांच्या आयुष्यात हे नसतं. आपल्याकडे क्लास असतो, एसटीचा पास असतो, गणपतीचा मांडव असतो, चुलत बहिणीच्या हळदीला वाढायला उभी केलेली पोरं असतात, लायब्ररीतली अभ्यासिका असते जिथे बोलायला बंदी असते आणि म्हणूनच वहीच्या मागच्या पानावर लिहून बोलणं होतं. यातल्या कुठल्याही जागेवर ट्रोप छान बसतो, शोधायला फार लांब जावं लागत नाही.

एका कथेत किती ट्रोप घ्यायचे?

एक. फार तर त्याच्या मदतीला दुसरा. अडीच ते चार हजार शब्दांची कथा असेल तर तेवढ्यात एक नातं बदलताना दाखवता येतं, दोन नाही. म्हणूनच लव्ह ट्रँगल छोट्या कथेत मला शक्यतो नको वाटतो, तिसऱ्या माणसाला जागाच उरत नाही आणि मग तो एक तर वाईट निघतो नाहीतर शेवटी "तुम्ही दोघं सुखी राहा" म्हणून निघून जातो.

वेळही कमी घ्या. एक संध्याकाळ, एक प्रवास, गणपतीचे दहा दिवस. अकरावी ते थर्ड इयर असा पट छोट्या कथेत घेतला की सगळं "मग दिवस जात राहिले" या वाक्यावर चालतं.

आधी शत्रू मग प्रेम हा सगळ्यात जास्त लिहिला जातो, तो नीट कसा लिहायचा?

भांडणाचं कारण खरं हवं. कॉरिडॉरमध्ये धक्का लागला, पुस्तकं पडली, "दिसत नाही का" असं ती म्हणाली, याला शत्रुत्व म्हणत नाहीत, हे दोन मिनिटांत मिटतं आणि वाचकाला ते कळतं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातलं ढोल-ताशा पथक, नदीपात्रात संध्याकाळचा सराव, वाद्यपूजन होऊन दोन आठवडे झालेत. ती तीन वर्षं ताशा वाजवतेय, बोटांना पांढऱ्या चिकटपट्ट्या, सगळे हात, म्हणजे वाजवायचे ठरलेले ताल, तोंडपाठ, यंदा ताशाचा लीड आपल्याला मिळणार असं धरून चाललीय. लीड मिळतो त्याला. तो चांगला वाजवतो, पण त्याचा मोठा भाऊ पथकात जुना आहे आणि हे सगळ्यांना माहितीय, कोणी बोलत नाही. आता तिचा राग पूर्ण बरोबर आहे. आणि त्याचाही गुन्हा असा काही नाही, त्याने मागितलेलं नव्हतं, दिलं ते घेतलं.

इथून पुढे बहुतेक ड्राफ्ट काय करतात, तर मिरवणुकीत गर्दीत तिला कोणीतरी त्रास देतं आणि तो वाचवतो. तसं करू नका प्लीज. तिचा प्रॉब्लेम गुंड नव्हता, तिचा प्रॉब्लेम अन्याय होता, त्यामुळे त्याला जे करायचंय ते त्या अन्यायाबाबत करावं लागेल. कधीतरी सराव थांबलेला असताना, सगळे पाणी पितायत, ढोलवाले कमरेचे पट्टे सैल करतायत, तेव्हा त्याने भावासमोर म्हणायला हवं की हा हात तिने उचलून दिल्याशिवाय आपला बसत नाही, लीड तिला द्या. भाऊ घरी जाऊन त्याच्याशी बोलणार नाही आणि हे त्याला माहितीय, तरी तो बोलतो. आणि ती लगेच विरघळत नाही, तिला आधी रागच येतो की याने द्यावं तेव्हा मला मिळणार का. प्रेमकथा खरी सुरू होते ती तिथे, आणि वाचक शेवटपर्यंत हलणार नाही.

खोटंखोटं कपल आपल्याकडे चालतं का?

इंग्रजी कथांमध्ये खोटा बॉयफ्रेंड घरच्या कार्यक्रमाला नेतात. आपल्याकडे सतरा वर्षांची मुलगी खोटा तर सोडाच, खरा बॉयफ्रेंडही आत्याच्या पन्नाशीला नेणार नाही. त्यामुळे घरच्यांसाठीचं नाटक बऱ्याचदा खोटं वाटतं. मित्रांच्या ग्रुपपुरतं ठेवलं तर चालतं, म्हणजे तिचा एक्स त्याच वर्गात आहे, रोज समोर येतो, सगळे दया दाखवतायत आणि तिला ती दया नकोय, एवढं कारण पुरतं.

पण मला विचाराल तर हा ट्रोप आपल्याकडे उलटा करून जास्त रंगतो. आपली मुलं रोज जे नाटक करतात ते "आमच्यात काही नाही" याचं असतं. फोनमध्ये त्याचं नाव "प्रिया क्लास" म्हणून सेव्ह केलेलं, सोसायटीच्या गेटच्या आधीच्या वळणावर उतरणं, जिन्यात आई भेटली की "काकू, नोट्स द्यायला आलो होतो". म्हणजे खरं प्रेम आणि खोटी मैत्री. खोट्या कपलवाल्या कथेत जी गंमत असते, सगळ्यांसमोर एक आणि आतून एक, ती इथे आयतीच मिळते आणि पकडलं जाण्याची भीती खरी असते. आणि एक दिवस हे नाटक करताना त्यातल्या एकाला वाटू लागतं की समोरचा जरा जास्तच सहज करतोय, याला खरंच काही वाटत नाही की काय, तर तिथे कथा आहे.

नाइलाजाने एकत्र अडकणं लिहायचंय पण "एकच खोली एकच बेड" या वयाला नको वाटतं. मग काय?

बरोबर वाटतंय, नकोच. या ट्रोपला बेड लागत नाही, फक्त उठून जाता न येणं लागतं. घाटात दरड कोसळून थांबलेली एसटी, दोघांत एक छत्री, गॅदरिंगचं बॅकस्टेज.

माझी आवडती जागा म्हणजे बारावीची केमिस्ट्री लॅब, कारण रोल नंबर आडनावाने लागतात आणि मोहितेच्या शेजारी मोरेच येणार, वर्षभर, कोणाला आवडो न आवडो. एक टायट्रेशन, म्हणजे एक द्राव दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून मोजायचा प्रयोग, लिहून बघा. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या नळीत, जांभळं पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये गरम केलेलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, एकाने नळी सांभाळायची आणि दुसऱ्याने फ्लास्क हलवत राहायचं. थेंब पडतो, गुलाबी होतं, विरून जातं. परत थेंब, परत विरतं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, एक थेंब जास्त गेला की रीडिंग गेलं. म्हणजे दोघांना एकाच फ्लास्ककडे, श्वास रोखून, डोकी जवळ आणून बघत राहावं लागतं आणि तिने "बास" म्हटल्यावर त्याने त्या क्षणी नळी बंद करायची. ती "बास" म्हणते आणि तो विश्वासाने बंद करतो, की स्वतःच्या डोळ्याने खात्री करायला अजून एक थेंब सोडतो? दोन माणसांचा अख्खा स्वभाव तिथे दिसतो आणि स्पर्शाची गरजही पडत नाही.

गैरसमजावर चालणारी कथा वाचकांना आवडत नाही म्हणतात, खरंय का?

एका फोनने मिटेल असा गैरसमज आवडत नाही. "तिने त्याला दुसऱ्या मुलीसोबत बघितलं, ती बहीण निघाली" हे आता कोणी सहन करत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात तर मुळीच नाही.

देवलांच्या संशयकल्लोळात, १९१६ चं नाटक, एका तसबिरीवरून सगळा घोळ होतो. ते आजही उभं राहतं कारण त्यातला फाल्गुनराव मुळातच संशयी आहे, तसबीर नसती तर त्याने दुसरं काही शोधलं असतं. म्हणजे गैरसमज माणसाच्या स्वभावातून यायला हवा. तुमच्या कथेत तसबिरीच्या जागी स्टोरीवरचा फोटो असेल, ब्लू टिक असेल, चालेल, पण विचारा की ही मुलगी सरळ मेसेज करून का विचारत नाहीये. उत्तर "नाहीतर कथा संपेल" असं असेल तर ट्रोप बदला. उत्तर "मागच्या वेळी विचारलं तेव्हा तिचं हसं झालं होतं" असं असेल तर लिहा, ते छान आहे.

बालमित्रांची कथा: ती त्याला लहानपणापासून "दादा" म्हणते, हे अडचणीचं आहे का?

अडचणीचं आहे आणि म्हणूनच वापरा. एका वाड्यात किंवा बिल्डिंगमध्ये वाढलेली मुलं, वर्षाने मोठा म्हणून त्याला दादा म्हणायची सक्ती आईने केलेली, एखाद्या राखीपौर्णिमेला राखीही बांधलेली. आता सतराव्या वर्षी हाक कशी मारायची? अशी मुलगी काय करते तर हाक मारणंच बंद करते. "ऐक ना", "अरे", कडी वाजवणं, दुसऱ्याला पाठवणं. आणि घरात पहिलं लक्षात येतं ते आजीच्या, की ही हल्ली त्याला नावाने नाही, दादा नाही, कशानेच बोलवत नाही.

घरात खरोखर भावाबहिणीसारखं वाढवलेलं असेल, म्हणजे एकाच ताटात, एकाच छताखाली, तर मात्र सोडून द्या, वाचकाला ते बरं वाटत नाही आणि त्याचं बरोबर आहे.

सतरा वर्षांच्या मुलांची "दुसरी संधी"? इतक्यात?

हो, दहावीनंतरची जून-जुलै आठवा. एक नाशिकला राहिला, एक लातूरला गेली, कोणीच काही वाईट केलं नाही आणि तरी बोलणं थांबलं. दोन वर्षांनी समोरासमोर येणं या वयाला खूप मोठं असतं. फक्त त्यांना चाळिशीतल्या माणसांसारखं बोलायला लावू नका.

नकार दिल्यावरही मागे लागणारा हीरो चालेल का? वाचकांना आवडतो.

नाही. तिने एकदा स्पष्ट नको सांगितल्यावर रोज क्लासबाहेर उभं राहणं, मैत्रिणींकडून नंबर काढणं, अकाउंट बदलून मेसेज करणं हा पाठलाग आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे आणि आधी भारतीय दंड विधानात २०१३ पासून होताच. तुमची कथा वाचणारी मुलगी कदाचित आत्ता याच त्रासात असेल, तिला तुमच्या हीरोच्या तोंडून "तू मनातून हो म्हणत होतीस" हे ऐकू येता कामा नये.

चिकाटी दाखवायचीच असेल तर ती त्याच्या स्वतःच्या कामात दाखवा. आणि नकार मिळाल्यावर नीट वागलेला मुलगा लिहून बघा, दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपमध्ये तिला अवघड होऊ नये म्हणून तो काय काय करतो ते. असे हीरो फार कमी लिहिले गेलेत.

शारीरिक जवळीक कुठवर दाखवायची?

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यात अठराच्या आतली व्यक्ती बालक धरली जाते आणि तिची संमती कायद्यात मोजली जात नाही, दोघं एकाच वयाची असली तरी. शिवाय आयटी अ‍ॅक्टच्या कलम ६७ बी मध्ये मुलांच्या अश्लील चित्रणाबद्दल जे आहे त्यात फोटोसोबत मजकुराचाही उल्लेख आहे. त्यामुळे अठराखालच्या पात्रांचे तसले सीन लिहायचेच नाहीत, "पुढचं तुम्हीच समजा" वाली आडवळणं पण नकोत.

यात कथेचं नुकसान काहीच नाही. या वयात बाइकच्या मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचा हाच दोन पानांचा प्रश्न असतो.

जात किंवा धर्म वेगळा असलेलं "निषिद्ध प्रेम" लिहू का?

लिहा, पण मसाला म्हणून टाकू नका. शेवटच्या पानावर अचानक आडनावं वेगळी निघतात आणि बाबा ओरडतात असं करायचं असेल तर जात आणूच नका. महाराष्ट्रात यावरून मुलं मारली गेली आहेत, आणि वाचकाला ते माहीत आहे.

लिहायचं ठरवलं तर पहिल्या पानापासून लिहा. जात मुलांना आधीच माहीत असते, पहिल्या भेटीत आडनाव विचारलं जातं तेव्हापासून. तिच्या घरी त्याला वेगळ्या कपात चहा येतो का, तो हे घरी सांगतो का, तिच्या लक्षात तरी येतं का? त्याला लगेच दिसतं आणि तिला दिसत नाही, हा या दोघांमधला खरा पेच आहे, बाबांचं ओरडणं फार नंतर येतं. आणि पळून जाऊन लग्न हा शेवट या वयाच्या कथेत देऊ नका, कायद्याने मुलगी अठरा आणि मुलगा एकवीसचा लागतो, आणि स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये तीस दिवसांची नोटीस लागते. त्यांना शिकू द्या.

दोन मुलींची किंवा दोन मुलांची प्रेमकथा याच ट्रोप्सवर लिहिता येते का?

येते, आणि वाचक वाट बघतायत. एक गोष्ट मात्र बदलते. मुलगा-मुलगी असतील तर एकत्र वेळ मिळवणं हाच अर्धा प्लॉट असतो. दोन मुली असतील तर आई स्वतः म्हणते, रात्री इथेच अभ्यासाला थांब, उद्या सकाळी जा. वेळ भरपूर, दार उघडं, आणि बोलायला मात्र शब्द नाही, कारण समोरचीने मैत्रीच समजली असेल तर मैत्रीही जाणार. अडथळा तिथे ठेवा. घरी कळणं आणि राडा होणं हाच प्रत्येक कथेचा शेवट असला पाहिजे असं काही नाही, त्यांनाही गोड शेवट द्या.

दुसऱ्याने वापरलेला ट्रोप घेतला तर कॉपी होते का?

नाही. कल्पना, विषय, प्लॉटचा सांगाडा यावर कॉपीराइट नसतो, सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्ये हेच सांगितलंय. मांडणी, वाक्यं, सीनचा बारीक क्रम उचलला तर ती चोरी.

डायलॉग खरे कसे वाटतील?

कोण कोणाला काय म्हणतं ते आधी ठरवा. कॉलेजात मुलं एकमेकांना आडनावाने बोलावतात, "ए जाधव", आणि ज्या दिवशी ती जाधवला पहिल्यांदा नावाने हाक मारते त्या दिवशी आजूबाजूचे चार जण वळून बघतात. "आय लव्ह यू" पेक्षा "जेवलीस का" जास्त वेळा म्हटलं जातं. कोल्हापूरचा मुलगा "काय करायलाईस" म्हणेल, नागपूरची मुलगी "काय करून राहिला बे" म्हणेल, पण तुम्हाला ती बोली कानाने माहीत असेल तरच लिहा.

शेवट गोडच हवा का?

प्रेमकथा म्हणून टॅग लावला असेल तर हो, वाचकाला फसवू नका. पण गोड म्हणजे जन्माची गाठ नाही, ही सतरा वर्षांची मुलं आहेत. आत्तापुरतं सुख पुरतं. इंजिनीअरिंगच्या सीईटीचा कॅप राउंड, म्हणजे प्रवेशफेरीचा निकाल, लागलाय, तिला पुण्यात सीओईपी आणि त्याला सांगलीत वालचंद, दोघांनी आनंदाने एकमेकांना अ‍ॅलॉटमेंटचे स्क्रीनशॉट पाठवलेत आणि मग बराच वेळ कोणी काहीच टाइप करत नाही, आणि मग तो पुणे-सांगली गाड्यांचं टाइमटेबल पाठवतो. पुढे टिकेल की नाही हे वाचक ठरवेल. यातल्या एकीने किंवा एकाने प्रेमासाठी कॉलेज सोडलं असा शेवट मात्र मी कधीच पास करत नाही.

लिहून झाली, आता कुठे द्यायची?

ऑनलाइन द्यायची तर प्रतिलिपी आहे, बंगळुरूची, २०१४ पासून, मराठीत वाचक भरपूर. वॉटपॅड २००६ पासून आहे, तिथेही मराठी टाकता येतं. दोन्हीकडे भाग पाडून लिहिणाऱ्यांना वाचक जास्त मिळतात, त्यामुळे "पुढचा भाग कधी" अशा कमेंट येतील आणि चार हजार शब्दांची नीट कथा चाळीस भागांत ओढायचा मोह होईल, ओढू नका, दुसरी लिहा. वर्णनात ट्रोपचं नाव सरळ टाका, वाचक त्याच नावाने शोधतात.

छापून यायला हवी असेल तर दिवाळी अंक, १९०९ च्या मनोरंजन मासिकापासून ती वाट आहेच. साधना साप्ताहिकाचा युवा दिवाळी अंक याच वयासाठी निघतो, आधीचे अंक वाचा आणि मगच पाठवा. बहुतेक अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं म्हणून गणपतीत पाठवलेली कथा उशिरा पोचते. सोबत वय, पत्ता आणि कथा आधी कुठे प्रसिद्ध झालेली नाही हे लिहा, ऑनलाइन टाकलेली असेल तर तेही प्रसिद्धच धरतात. फाइल युनिकोडमध्ये पाठवा.